चव्वेचाळीस डिग्री, आडवा वारा आणि एक 'नको'

नितीनचा देशाबाहेर जायच्या परवानगीचा अर्ज दुसऱ्यांदा नामंजूर झाला, त्या शुक्रवारी त्याने लॅपटॉप मिटला आणि म्हणाला, "चल, वाळवंटात जाऊ." मी म्हटलं, "जाऊ." बस, एवढाच विचार आम्ही केला. आधीच सांगून ठेवते, ही पोस्ट मी रागात लिहितेय. ज्यांना फक्त लाल मातीचे फोटो हवेत त्यांनी सरळ खाली जावं, फोटो चांगले आलेत.

नवीन वाचकांसाठी थोडी ओळख. आम्ही सिडनीत, पेंडल हिलला राहतो. मी वेस्टमीडच्या हॉस्पिटलच्या लॅबमध्ये काम करते. त्या वर्षी इतके स्वॅब हाताळले की स्वप्नातसुद्धा नळ्यांवर लेबलं चिकटवत असे. नितीन, माझा नवरा, इंजिनिअर आहे आणि त्याच्याकडे छोटं विमान उडवायचं लायसन्स आहे. कोणी गोल्फ खेळतं, कोणी ट्रेक करतं, आमच्याकडे विमान. माझे सासरे चिंचवडला होते. त्यांच्या किडन्या जवळजवळ गेल्या होत्या, आठवड्यातून तीनदा डायलिसिस चालू होतं आणि प्रत्येक व्हिडिओ कॉलवर ते एकच विचारायचे, "कधी येतोस?" कोविडमुळे ऑस्ट्रेलियातून बाहेर पडायला सरकारी परवानगी लागत होती आणि ती मिळाली तरी भारताच्या विमानात सीट मिळेल याची खात्री नव्हती. नितीनने तिसरा अर्ज टाकला. तो घरात पिंजऱ्यातल्या वाघासारखा फेऱ्या मारत होता. म्हणून नाताळच्या सुट्टीत फ्लाइंग क्लबचं चार सीटचं विमान आठवडाभरासाठी घेतलं.

निघण्याआधी क्लबचा इन्स्ट्रक्टर ग्रॅहमने मला पॅसेंजरच्या सूचना दिल्या. पट्टा असा लावायचा, दार असं उघडायचं, ओकारीची पिशवी इथे. शेवटी म्हणाला, "आणि एक. विमानात बसणारा कोणीही 'नको' म्हणू शकतो. पायलटने कारण विचारायचं नाही, तोंड वाकडं करायचं नाही. विमान परत बांधून ठेवायचं. ओके?" मी मान हलवली. ऐकायला किती सोपं होतं.

सिडनीच्या बँक्सटाउन विमानतळावरून सकाळी साडेसहाला निघालो. ब्लू माउंटन्स ओलांडले की खालचा हिरवा रंग पिवळा होतो आणि दोनेक तासांत पिवळ्याचा लाल. कोबारला पेट्रोल भरलं. तिथे पंपावर माणूस नसतो; कार्ड आपणच सरकवायचं, शिडीवर चढून पंखातल्या टाकीत नळी आपणच घालायची. दुपारी एकच्या आत ब्रोकन हिलला उतरलो. मोटेलची खोली साधारण एकशे चाळीस डॉलरला पडली, स्वच्छ होती. जेवणाचं मात्र तुमचं तुम्ही बघा; दोनला गेलात तर स्वयंपाकघर बंद झालेलं असतं. मी मेथीचे पराठे आणि लसणाची चटणी नेली होती, त्यावर आम्ही दोन दिवस राजासारखे जगलो.

या प्रवासात मला एक काम मिळालं होतं. लांबच्या विमानतळांवर कंट्रोल टॉवर नसतो. तिथे हवामानाचं एक यंत्र असतं, त्याला फोन लावायचा. रोबोटसारखा आवाज वाऱ्याची दिशा, वेग, तापमान, हवेचा दाब, ढगांची उंची भराभर सांगतो. नितीन ऐकायचा आणि मोठ्याने म्हणायचा, मी लिहायचे. दुसऱ्या दिवसापर्यंत मला त्यातलं बरंच कळायला लागलं होतं. वारा धावपट्टीच्या रेषेत असेल तर उत्तम. आडवा असेल तर प्रत्येक विमानाची एक मर्यादा असते, आमच्या विमानाची पंधरा नॉट, म्हणजे ताशी अठ्ठावीसेक किलोमीटर. त्यापुढे उतरायचा प्रयत्न करू नये.

दुसऱ्या दिवशी उजाडताच निघालो, कारण उन्हाळ्यात वाळवंटात उडायचं तर दहाच्या आत चाकं जमिनीला लागलेली हवीत. हे लक्षात ठेवा, तुमच्यापैकी कोणी जाणार असेल तर. ऊन चढलं की हवा विरळ होते. गाव समुद्रसपाटीपासून सातशे फुटांवर असेल, पण चव्वेचाळीस डिग्रीत विमानाला वाटतं आपण साडेचार हजार फुटांवर आहोत. म्हणजे धावपट्टी वाळवंटात आणि विमान महाबळेश्वरला. इंजिन दमतं, पंख हवा धरत नाहीत, विमान धावत राहतं आणि उठत नाही. उठलंच तर वर हवेचे धक्के असतात आणि खाली मैदानभर वावटळी फिरत असतात. तिथले लोक त्यांना विली-विली म्हणतात. नाव गोंडस आहे, वावटळ नाही.

मध्ये एकदा पेट्रोलला थांबून साडेनऊला आम्ही पोचलो. दक्षिण ऑस्ट्रेलियातलं, ओपलची रत्नं खणणाऱ्यांचं छोटं गाव. नाव देत नाही, कारण तिथल्या लॉरेनने तशी अट घातली. "नाव टाकू नको हं, लव्ह. माशा आधीच पुरेशा आहेत इथे." माशी म्हणजे टूरिस्ट.

लॉरेन म्हणजे साठीची बाई, त्या विमानतळाची एकुलती एक माणूस. सकाळी ट्रक घेऊन धावपट्टीवरून फेरी मारणार, एमू हाकलणार, खडे वेचणार, पेट्रोल भरणार, संडास धुणार. रोबोटच्या आकड्यांवर तिचा विश्वास होता, पण तेवढ्यावर नाही. दूर एक बसका डोंगर होता, तिकडे हनुवटी करून ती म्हणाली, "त्याचे पाय दिसतायत तोवर उडा. डोंगर अधांतरी तरंगायला लागला की बिअर उघडा." उन्हाने मृगजळ झालं की डोंगराचा तळ दिसेनासा होतो, असं तिचं म्हणणं. नितीन हसला. मी पण हसले.

पुढचे दोन दिवस मजेत गेले, खोटं का बोलू. जमिनीखाली कोरलेल्या खोलीत राहिलो. बाहेर त्रेचाळीस डिग्री आणि आत पांघरूण घ्यावं लागत होतं. खाणीबाहेरच्या मातीच्या ढिगांत ओपल शोधलं, मला नखाएवढा तुकडा सापडला. डोक्यावर जाळीची टोपी मात्र न्याच, नाहीतर माशा नाकात घर करतात.

चौथ्या दिवशी सकाळी साडेदहाला दोन बातम्या बरोबरच आल्या. पहिली ईमेलवर: नितीनची परवानगी मंजूर. ट्रॅव्हल एजंटचा फोन पाठोपाठ, परवा सकाळी सिडनीहून दिल्लीच्या विमानात एक सीट आहे, लगेच सांगा. नितीन नाचायचाच बाकी राहिला. त्याने चिंचवडला संध्याताईंना, म्हणजे त्याच्या बहिणीला, फोन केला. ताई रडायलाच लागल्या. "बाबांना सांगते आत्ता. नित्या, ये रे लवकर, ते तुझीच वाट बघतायत."

दुसरी बातमी रेडिओवर. सिडनीत पुन्हा केसेस वाढल्या होत्या. सिडनीहून आलेल्यांनी मध्यरात्रीच्या आत हे राज्य सोडायचं, नाहीतर आहे तिथेच चौदा दिवस क्वारंटाइन.

म्हणजे आजच निघायला हवं होतं. भाड्याच्या गाड्या गावात दोन, दोन्ही गेलेल्या. बसवाल्याने सिडनीचा पत्ता ऐकताच हात वर केले. कोविडच्या हेल्पलाइनवर पाऊण तास गाणी ऐकली. उद्या पहाटे निघालो तर चालेल का, या प्रश्नाला "तुमची विनंती नोंदवून घेतली आहे" असं उत्तर मिळालं. नितीनला रात्री उडायची परवानगी नाही. संध्याकाळपर्यंत थांबावं तर नैर्ऋत्येकडून वाऱ्याचा लोट येतोय, धूळ घेऊन, असा अंदाज होता. कधी पोचेल याबद्दल दोन अंदाज दोन वेळा सांगत होते. त्याच्या पुढे राहून सीमेपलीकडचं, आमच्या राज्यातलं ब्रोकन हिल गाठायचं तर भर दुपारी, आत्ताच निघायचं.

विमानतळावर पोचलो तेव्हा बारा वाजून गेले होते. मी फोन लावला, रोबोट म्हणाला चव्वेचाळीस. विमानाच्या पुस्तकात एक तक्ता असतो: एवढं तापमान, एवढं वजन, तर उठायला एवढी धावपट्टी लागेल. तो तक्ता चाळीस डिग्रीला संपतो. पुढे काही नाहीच. आणि माझ्या नवऱ्याने काय केलं असेल? लॉरेनच्या ऑफिसात पंख्याखाली बसून लॅपटॉप उघडला, तक्त्यातले आकडे एक्सेलमध्ये भरले आणि रेघ पुढे ओढली.

"हे बघ," तो मला म्हणाला, "चव्वेचाळीसला नऊशे मीटर. धावपट्टी चौदाशेची आहे. आरामात."

लॉरेन दारात टेकून उभी होती. "तो तक्ता चाळीसला का थांबतो माहितीये, मेट?"

"का?"

"तिथून पुढे त्यांनीही उडवून बघितलं नाही."

नितीन म्हणाला, "कर्व्ह स्मूद आहे." इंजिनिअर माणसाला रेघ सरळ दिसली की तो देवालासुद्धा ऐकत नाही. त्याने लॉरेनला विचारलं, तू असतीस तर गेली असतीस का. ती म्हणाली, "नॉट माय कॉल. पायलट तू आहेस." मग माझ्याकडे बघून म्हणाली, "मी पेट्रोल भरते." मला तिचा भयंकर राग आला. एवढं दिसतंय तर सरळ थांबव ना बाई त्याला!

पण खरं तर दिसत मलाही होतं. डोंगराचे पाय गेले होते. धावपट्टीच्या पलीकडे दोन वावटळी उभ्या होत्या. वाऱ्याची दिशा दाखवणारा कापडी विंडसॉक एकदा लोंबत होता, एकदा ताठ होत होता आणि दर वेळी वेगळ्या दिशेला.

आता माझ्या गप्प बसण्याबद्दल. आमच्या घरात निघालेल्या माणसाला टोकत नाहीत. 'कुठे चाललास' म्हणूनसुद्धा विचारायचं नाही. चुकून कोणी हाक मारली तर आई त्याला परत आत बोलवायची, पाटावर बसवायची, पाणी द्यायची आणि मग जाऊ द्यायची. इथे तर मुलगा शेवटच्या भेटीसाठी बापाकडे निघालेला. तिकडे ताईंनी बाबांना सांगूनही टाकलं असणार. अशा वेळी बायकोने तोंड उघडायचं? मी मूग गिळून सामान ठेवलं. नितीनने तेल तपासलं, टाकीतलं पेट्रोल काचेच्या नळीत धरून बघितलं, चाकांचे ठोकळे काढले. दाराची मूठ इतकी तापली होती की त्याने रुमालाने धरून उघडली.

"बस," तो म्हणाला.

"नको."

तो वळला. "काय?"

"नको, नितीन. मी बसणार नाही. आणि तूही जायचं नाही."

"का?"

"कारण विचारायचं नसतं."

"वैशाली, बाबा—"

"माहितीये मला!" मी ओरडले. "माहितीये म्हणूनच इतका वेळ गप्प होते. नको म्हणजे नको!"

लॉरेन नळी गुंडाळत होती, तिने पाठ फिरवली. नितीन माझ्याकडे बघत राहिला. मग त्याने ठोकळे परत चाकांना लावले, दोर काढले आणि विमान बांधलं. प्रत्येक गाठ इतकी ओढून की दोर करकरत होते.

आणि त्यानंतर काय झालं? दोन वाजले, तीन वाजले. आकाश निळंशार. धुळीचा पत्ता नाही. चारला तर विंडसॉक मेल्यासारखा लोंबत होता. गावावर धूळ आली साडेसहाला, तीही काय, खिडकीवर एक थर बसला आणि झालं. तोपर्यंत आम्ही ब्रोकन हिलला चहा पीत बसलो असतो, असं नितीन बोलला नाही, पण त्याच्या पाठीवर लिहिलेलं मला वाचता येत होतं.

चौदा दिवस त्याच जमिनीखालच्या खोलीत. जेवण दारात ठेवायचे, दोन दिवसांआड पोलीस येऊन हजेरी घ्यायचे. हेल्पलाइनचं उत्तर चौथ्या दिवशी आलं, तोवर दिल्लीचं विमान गेलेलं होतं. ताईंनी विचारलं, का नाही निघालात. स्पीकरवर होता फोन. नितीन म्हणाला, "वैशाली नको म्हणाली."

एवढंच वाक्य. मी शेजारी बसले होते.

बाबा नवव्या दिवशी गेले. ताईंच्या मुलाने मोबाईल धरला होता, त्यावर आम्ही पाहिलं. पीपीई घातलेली दोन माणसं, स्ट्रेचर, चित्र मध्येच गोठायचं. नितीनने भिंतीला डोकं टेकलं. मी त्याच्या पाठीवर हात ठेवला तर त्याने खांदा काढून घेतला.

मग सुरू झालं ते नातेवाइकांचं. कोणी स्पष्ट बोललं नाही, स्पष्ट बोललं असतं तर मी उत्तर दिलं असतं. 'तिला विमानाची भीती वाटते ना', 'बाप काही पुन्हा मिळत नाही'. दहाव्याच्या व्हिडिओ कॉलवर ताईंनी सगळ्यांची विचारपूस केली, माझ्यावरून नजर पुढे नेली. माझी सासू तेवढी माझ्याशी बोलायची, तेही औषधांबद्दल. अकरा महिने मी हे ऐकून घेतलं, कारण मला खरोखर वाटायचं की कदाचित मी चुकले. त्या निळ्या आकाशाने माझी झोप उडवली होती. मी एकटीच्या जिवाला घाबरून एका मुलाची आणि बापाची भेट तोडली का?

हे सगळं पोस्टमध्ये कशाला, असं विचाराल. तर आता ऐका.

परवा, लॉकडाऊन उठल्यावर पहिल्यांदाच, क्लबचा बार्बेक्यू होता. मी पनीर टिक्क्याची प्लेट घेऊन चालले होते. नितीन ग्रॅहमशी बोलत होता, माझ्याकडे पाठ. ग्रॅहमने त्याला वाळवंटातल्या त्या दिवसाबद्दल विचारलं असावं. माझा नवरा अगदी सहज, हातात सॉसेज धरून म्हणाला, "वुई वुड नेव्हर हॅव लँडेड, मेट. मी त्या दिवशी साडेतीनला ब्रोकन हिलच्या रोबोटला फोन लावला होता. थर्टी-एट नॉट, पूर्ण आडवा. धुळीत काही दिसत नव्हतं. पेट्रोल परत फिरण्याइतकं उरलं नसतं. वुई'ड बी डेड."

म्हणजे वाऱ्याचा लोट आमच्या गावाला वळसा घालून आधी तिकडे पोचला होता. आणि हे त्याला त्याच दिवशी, साडेतीन वाजता कळलं होतं! मी विंडसॉककडे बघत स्वतःला शिव्या देत होते तेव्हा.

प्लेट मी टेबलावर ठेवली. पडली नाही, आपटली. आम्ही घराकडे निघालो. पेंडल हिल स्टेशनजवळ, किराणा दुकानाच्या समोर, त्याने गाडी पार्क केली आणि मी सुरुवात केली. काय काय बोलले ते इथे लिहिण्यासारखं नाही. दुकानातून कढीपत्ता घेऊन निघालेल्या एका काकूंनी पिशवी छातीशी धरली आणि रस्ता बदलला.

तो स्टिअरिंगकडे बघत होता. मग म्हणाला, "तेव्हा सांगितलं असतं तर... मला कोणावर तरी रागवायचं होतं, वैशाली. हवेवर कसं रागवणार?"

"म्हणून माझ्यावर? अकरा महिने?"

"नंतर सांगायचं राहूनच गेलं. जेवढा उशीर तेवढं अवघड."

"ग्रॅहमला नाही अवघड गेलं ते."

"तो पायलट आहे, त्याला कळतं. ताईला मी नॉट आणि आडवा वारा काय समजावणार?"

"तेच, जे मला समजावलंस. मी दोन दिवसांत शिकले."

तर लोकहो, वाळवंटात जाणार असाल तर डिसेंबरात जाऊ नका, मे ते ऑगस्टमध्ये जा. दहाच्या आत उतरा. जिथे तक्ता संपतो तिथे तुम्हीही थांबा. आणि घरातल्या माणसाने 'नको' म्हटलं तर विमान बांधणं पुरेसं नाही. ते 'नको' नंतर सगळ्यांसमोर स्वतःच्याही नावावर घ्या. मला त्या प्रवासातून लाल मातीचे फोटो मिळाले, नखाएवढं ओपल मिळालं आणि आम्ही दोघं जिवंत आहोत. राग अजून तसाच आहे. तो जाईल की नाही मला माहीत नाही, पण तो कुठे न्यायचा हे मला तिथेच, गाडीत कळलं होतं.

"फोन लाव ताईंना," मी म्हटलं.

"आत्ता? घरी जाऊन—"

"आत्ता. तिकडे सकाळचे अकरा वाजलेत, उठल्यात त्या. स्पीकरवर लाव, त्या दिवशी होता तसा."

त्याने फोन लावला. मी गाडीच्या काचा वर केल्या. तिकडे कुकरची शिट्टी झाली आणि ताईंचा आवाज आला, "हं नित्या, बोल रे. सगळं ठीक?"

त्याने माझ्याकडे पाहिलं. मी नजर हलवली नाही.

"ताई," तो म्हणाला, "बाबांच्या वेळी मी तुला खरं सांगितलं नव्हतं."